आधी दहा मिनिटं चालणं, मग अर्धा दिवस काम

किडनीचा आजार कळला की घरात पहिलं वाक्य कानावर पडतं, "आता काही करू नकोस, आराम कर." सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण हा सल्ला शब्दशः पाळला तर काही महिन्यांत माणूस खुर्चीतून उठताना हात टेकायला लागतो. या आजारात स्नायू तसेही लवकर झडतात. रक्तातली आम्लता वाढलेली असते, भूक मेलेली असते, अंगात बारीक दाह चालूच असतो. त्यात पडून राहणं आलं की पाय आणखी बारीक होतात, पाय बारीक झाले की जिना चढताना धाप लागते, आणि धाप लागली की पुन्हा तेच, "बघ, म्हणूनच सांगत होतो."

कामाचंही असंच होतं. पुष्कळ जण डायलिसिस सुरू होण्याच्याही आधी, थकव्याच्या भरात नोकरी सोडून बसतात. म्हणून सगळ्यात आधी एक कळकळीची विनंती: रिपोर्ट बिघडलेल्या आठवड्यात किंवा डायलिसिसच्या पहिल्या महिन्यात राजीनामा लिहू नका. तो काळ सगळ्यात वाईट असतो. शरीरात साठलेली घाण हळूहळू बाहेर पडते, औषधांचं प्रमाण बसायला वेळ लागतो, आणि दोन-तीन महिन्यांनी तीच व्यक्ती वेगळा विचार करते. रजा घ्या, बिनपगारी घ्यावी लागली तरी घ्या. दार उघडं ठेवा.

हा लेख नव्यानं निदान झालेल्या, डायलिसिसवर नुकत्याच गेलेल्या किंवा प्रत्यारोपण होऊन घरी आलेल्या माणसासाठी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: कामावर परतण्याची तयारी चालण्यापासून सुरू करा, साहेबांना फोन त्यानंतर. आणि दोन्हीचा हिशोब आठवड्याचा धरा, कारण या आजारात आजचा दिवस कालच्यासारखा जात नाही.

पायरी १: आपण नेमके कुठे आहोत ते ओळखा

"किडनी पेशंट" या एका नावाखाली फार वेगवेगळी माणसं येतात. तुमच्या रिपोर्टवर ईजीएफआर नावाचा आकडा असेल. किडनी किती काम करते याचा तो अंदाज. ६० च्या वर असेल आणि लघवीतून प्रथिनं जात असतील, तर आजार आहे, पण बहुधा अंगाला काहीच जाणवत नाही. अशा माणसानं काम कमी करण्याचं सहसा काही कारण नसतं, उलट व्यायाम वाढवावा. ३० ते ६० च्या दरम्यानही बरेच जण पूर्णवेळ काम करतात. आकडा ३० च्या खाली उतरला की थकवा, रक्त कमी होणं, पायांवर सूज हे हळूहळू दिसू लागतं. १५ च्या खाली गेल्यावर डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची बोलणी सुरू असतात.

पुढचं सगळं वाचताना आपण यातल्या कुठल्या टप्प्यावर आहोत ते मनात ठेवा. दुसऱ्या पेशंटचं वेळापत्रक उचलू नका, मग तो शेजारच्या खाटेवरचा का असेना.

पायरी २: थकव्याचं कारण शोधा, मगच चप्पल घाला

थकवा हा आजाराचाच भाग आहे असं गृहीत धरून लोक गप्प बसतात. निम्म्या वेळा त्याला उपाय असतो.

पहिला संशयित हिमोग्लोबिन. रक्तातल्या तांबड्या पेशी तयार करा, असा निरोप हाडांच्या मगजाला देणारं एरिथ्रोपोएटिन हे द्रव्य मुख्यतः किडनीच बनवते. किडनी आजारी पडली की निरोप जाणं कमी होतं आणि रक्त उतरतं. त्यासाठी इंजेक्शनं मिळतात, सोबत लोह लागतं. या इंजेक्शनांवर असताना हिमोग्लोबिन साधारण १० ते ११.५ च्या आसपास ठेवतात. "माझं १३ का करत नाहीत?" असं बरेच जण विचारतात. औषधानं ते जबरदस्तीनं वर नेलं की पक्षाघाताचा आणि गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर मुद्दाम तिथे थांबतात. पण तुमचं ८ असेल, तर व्यायामाचा तक्ता आखण्याआधी त्यावर बोला. ८ हिमोग्लोबिनवर जिद्द दाखवण्यात काही अर्थ नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर विचारून घ्या. लोह आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, किती आहे? रक्तातली आम्लता दाबणारं बायकार्बोनेट कमी आहे का? पोटॅशियम कुठे आहे? रात्री पायांत वळवळ होऊन झोप मोडते का? घोरता घोरता श्वास अडकतो का? मन सतत खाली असतं का? शेवटचा प्रश्न लोक टाळतात. उदासी आणि थकवा बाहेरून अगदी एकसारखे दिसतात, उपचार मात्र वेगळे आहेत.

डॉक्टरांना "व्यायाम करू का?" असं मोघम विचारलं की उत्तरही "हो, थोडा करा" असं मोघम येतं. त्यापेक्षा असं विचारा: "माझ्या हृदयाची तपासणी शेवटची कधी झाली? चालायला सुरुवात करण्याआधी ईसीजी किंवा इको लागेल का? किती वजन उचललं तर चालेल? कुठल्या बीपीला मी थांबायचं?" या प्रश्नांना आकड्यात उत्तरं येतात. ती वहीत लिहून ठेवा.

पायरी ३: सुरुवातीचा आकडा घ्या

एक पक्की, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून बसा. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून परत बसणं किती वेळा जमतं ते घरातल्या कुणाला तरी मोजायला सांगा. चार झालं तरी चार लिहा. हा तुमचा आकडा. दर महिन्याला तोच प्रयोग त्याच खुर्चीवर करायचा.

हिमोडायलिसिसवर, म्हणजे मशीनमधून रक्त शुद्ध करून घेण्याच्या उपचारावर, असाल तर आणखी एक आकडा हवा: मशीनवरून उतरल्यावर पूर्ववत वाटायला किती तास लागतात? काहींना दोन तास पुरतात, काहींचा दुसरा दिवसही त्यात जातो. दोन आठवडे रोज नोंद करा. पुढे कामाचं वेळापत्रक बहुतांशी याच आकड्यावर उभं राहील. आणि हे तास खूप असतील तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे, कारण एका बैठकीत फार पाणी काढावं लागत असेल तर माणूस जास्त गळून जातो. दोन डायलिसिसच्या मध्ये मीठ कमी खाल्लं की तहान कमी लागते, वजन कमी वाढतं आणि मशीनवरचे शेवटचे तासही सोपे जातात.

पायरी ४: चालायला लागा

पहिल्या आठवड्यात पाच ते दहा मिनिटं, सपाट रस्त्यावर, आठवड्यातून तीन-चार दिवस. बस. हे हास्यास्पद वाटतं हे मला ठाऊक आहे, विशेषतः पूर्वी धावणाऱ्या माणसाला. पण पहिल्या दिवशी पाऊण तास चालून पुढचे चार दिवस अंथरुणात काढण्यापेक्षा हे बरं. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. मधे एखादा आठवडा वाढ न करता तसाच गेला तरी काही बिघडत नाही.

किती जोरात चालायचं? चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. या वेगाला मध्यम व्यायाम म्हणतात. नाडी मोजण्याच्या भानगडीत फार पडू नका. बीपीसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल अशा गोळ्या चालू असतील तर नाडी मुळातच दाबलेली असते आणि मनगटावरचं घड्याळ तुम्हाला चुकीची शाबासकी देतं. सुरुवातीची पाच आणि शेवटची पाच मिनिटं मुद्दाम हळू चाला. बीपीच्या गोळ्या घेणारा माणूस जोरात चालून एकदम थांबला की रक्त पायांत साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

शेवटी कुठे पोहोचायचं आहे तेही सांगतो. किडनीच्या आजारासाठी केडीआयजीओ या आंतरराष्ट्रीय गटानं २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवला आहे, आणि लगेच पुढे म्हटलं आहे की हृदयाला झेपेल तेवढा. मला या ओळीचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तुमचं ७० मिनिटांवर थांबलं तर ७० ही चांगलीच मजल आहे.

तीन-चार आठवड्यांनी ताकदीचे व्यायाम जोडा, आठवड्यातून दोन दिवस. खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून ढकलणं, आधार धरून टाचा उचलणं, रबरी पट्टा ओढणं. प्रत्येक आठ ते दहा वेळा. जोर लावताना श्वास सोडा, रोखून धरू नका, नाहीतर बीपी उसळतं. उड्या मारणं टाळा. जुन्या किडनीच्या आजारात हाडं आणि स्नायूंचे दोर कमकुवत झालेले असतात. किडन्या पाण्याच्या गाठींनी मोठ्या झाल्या असतील, म्हणजे पॉलिसिस्टिक आजार असेल, तर पोटावर मार बसू शकेल असे खेळ नकोत.

आता अंगदुखीबद्दल, कारण खरी चूक इथे होते. चार दिवस व्यायाम केला की पोटऱ्या भरून येतात, आणि हात सवयीनं औषधांच्या डब्याकडे जातो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गटातल्या वेदनाशामक गोळ्या किडनीत शिरणाऱ्या रक्तवाहिन्या आकसवतात. निरोगी माणसाची किडनी ते सोसते. तुमच्याकडे उरलेल्या किडनीला ते परवडणारं नाही, आणि सोबत बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. चोळायच्या मलमांतही हीच औषधं असतात, म्हणून तीही विचारूनच लावा. माझ्या मते व्यायाम सुरू करणाऱ्या किडनीच्या रुग्णाला एकच ओळ पाठ करायला लावायची असेल, तर ही.

व्यायामशाळेत मिळणारे प्रोटीनचे डबे आणि क्रिएटिन आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नका. खेळाडूंच्या बाटलीबंद पेयांत सोडियम असतं, काहींत पोटॅशियमही, आणि पाण्यावर मर्यादा असलेल्या माणसाच्या हिशोबात ती बाटली पूर्ण धरावी लागते. घाम आला म्हणून मनाप्रमाणे पाणी पिण्याची मुभा मिळाली असं समजू नका. किती घाम जातो आणि किती प्यायचं हे वजनकाट्यावर बघून ठरवा.

रक्त तपासायच्या आदल्या दिवशी जड व्यायाम टाळा. खूप जोर लावल्यावर क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा स्नायूंतला कचरा) आणि लघवीतली प्रथिनं तात्पुरती वाढलेली दिसू शकतात आणि उगाच सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकतो.

मधुमेह असलेल्यांसाठी एक खास गोष्ट. इन्शुलिन शरीराबाहेर टाकण्याचं बरंचसं काम किडनी करते. ती मंदावली की तेच इन्शुलिन जास्त वेळ काम करत राहतं, आणि त्यात चालणं आलं की साखर अनपेक्षितपणे घसरते, कधी कधी काही तासांनी. निघण्याआधी साखर तपासा. १०० च्या खाली असेल तर आधी थोडं खा, आणि खिशात साखर ठेवा. परत आल्यावर मोजे काढून तळपाय बघा. संवेदना कमी झालेल्या पायाला झालेला फोड दुखत नाही, त्यामुळे तो डोळ्यांनीच शोधावा लागतो.

आणि हे दिवस सुट्टीचे: ताप असेल, विश्रांतीतलं बीपी १८०/११० च्या वर असेल, डायलिसिस चुकलं असेल, आडवं झाल्यावर धाप लागत असेल, वजन दोन दिवसांत भराभर वाढून पाय सुजले असतील. चालताना छातीत दुखलं, धडधड अनियमित झाली, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि मदत मागा. व्यायामानंतर लघवी गडद तपकिरी झाली आणि स्नायू असह्य दुखत असतील तर त्याच दिवशी दवाखाना. स्नायूंच्या पेशी फुटून त्यातली द्रव्यं किडनीत अडकतात, ती तातडीची गोष्ट आहे.

पायरी ५: डायलिसिसवर असाल तर

हिमोडायलिसिस बहुतेक ठिकाणी आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास असतं. म्हणजे एक अंतर नेहमीच दोन दिवसांचं पडतं. त्या लांब अंतराच्या शेवटी अंगात पाणी आणि पोटॅशियम सगळ्यात जास्त साठलेलं असतं, हृदयावर ताणही तेव्हाच जास्त. त्या दिवशी नवा व्यायाम सुरू करायला जाऊ नका, हलकं चालणं पुरे. बहुतेकांना डायलिसिस नसलेल्या दिवसाची सकाळ सगळ्यात चांगली जाते. काही केंद्रांत मशीनवर असतानाच खाटेला लावलेली सायकल मारायला देतात. तुमच्याकडे ती सोय असेल तर पहिल्या दोन तासांत करा. नंतर पाणी निघून गेल्यावर बीपी पडण्याची शक्यता वाढते.

फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडून तयार केलेली वाट. १९६६ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध होण्यापूर्वी हातात कायमची बाहेरची नळी बाळगावी लागे. या वाटेमुळे तुम्ही हात मोकळा ठेवून कामावर जाऊ शकता, तेव्हा तिची किंमत ठेवा. त्या हातावर बीपी घेऊ देऊ नका, रक्त काढू देऊ नका, घट्ट घड्याळ किंवा बांगडी नको, जड पिशवीचा बंद कोपरात अडकवू नका, त्या हातावर डोकं ठेवून झोपू नका. रोज सकाळी बोटं टेकवून थरथर लागते का बघा. ती थांबली असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. काही तासांत पोहोचलात तर वाट पुन्हा मोकळी करता येण्याची शक्यता असते. पण तो हात गळ्यात बांधल्यासारखा निकामी करण्याचीही गरज नाही. शल्यचिकित्सकांनी परवानगी दिली की मऊ चेंडू दाबणं, हलकी वजनं उचलणं चालतं. सुया काढल्यानंतरचा दिवस मात्र त्या हातानं ओढाताण करू नका, कारण मशीनवर रक्त पातळ करणारं औषध दिलेलं असतं.

मानेत किंवा छातीवर डायलिसिसची नळी, म्हणजे कॅथेटर, असेल तर पोहणं बंद, भिजवणं बंद. तिथून जंतू थेट रक्तात जातात.

पोटात द्रव भरून, काढून करायच्या डायलिसिसवाल्यांचं गणित निराळं आहे. दिवसातून साधारण चार वेळा पिशवी बदलायची, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास, किंवा रात्री मशीन लावून आठ-दहा तासांत सगळं उरकायचं. रात्रीचं मशीन नोकरी करणाऱ्यांना सोयीचं पडतं. व्यायाम पोट रिकामं असताना, म्हणजे द्रव काढून टाकल्यावर करा. पोटात द्रव असताना जोर लावला तर हर्निया होऊ शकतो. जड उचलण्याचं काम असेल तर त्याबद्दल आधीच बोलून घ्या.

प्रत्यारोपण झालं असेल तर

नवी किडनी ओटीपोटात, डाव्या किंवा उजव्या बाजूला बसवतात. जुन्या सहसा जागीच राहतात. बरगड्यांचं कवच या नव्या पाहुणीला नाही, म्हणून धक्काबुक्कीचे खेळ नकोत आणि कमरेला घट्ट पट्टा किंवा हत्यारांचा पट्टा त्या जागेवर दाबेल असा बांधू नका. चालणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रुग्णालयातच सुरू होतं. जड उचलणं साधारण सहा ते आठ आठवडे बंद, आणि सुरुवातीला चार-पाच किलोसुद्धा जडच. बसून करायचं काम दोन-तीन महिन्यांनी जमतं. त्याआधी जमलं तरी तपासण्यांच्या फेऱ्याच इतक्या असतात की हजेरी लागत नाही.

शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्या घड्याळ लावून घ्या, साधारणपणे बारा तासांनी. रक्तातली पातळी तपासायच्या सकाळी गोळी घ्यायची नाही, रक्त दिल्यावर घ्यायची. ऑफिसला थेट जाणार असाल तर डबी सोबत ठेवा. पहिल्या सहा महिन्यांत संसर्गाची भीती सगळ्यात जास्त, म्हणून लहान मुलांत, रुग्णांत किंवा मातीत काम असेल तर परतण्याची तारीख पुढे ढकला. उन्हात काम असेल तर पूर्ण बाह्या आणि टोपी कायमची, कारण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि "आता आयुष्यभर जपूनच" असं कुणी म्हटलं तर त्यांना सांगा, अवयव मिळालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा १९७८ पासून भरतात. त्यात लोक धावतात, पोहतात.

पायरी ६: घरीच कामाची रंगीत तालीम

सलग २० ते ३० मिनिटं चालता यायला लागली की कामाचा विचार करा. पण थेट हजर होऊ नका, दोन आठवडे घरी तालीम करा. कामाच्या वेळेला उठा, आंघोळ, कपडे, गोळ्या, सगळं घड्याळाप्रमाणे. टेबलाशी चार तास बसा आणि खरंच काहीतरी करा: हिशोब, वाचन, टायपिंग. उभ्यानं करायचं काम असेल तर उभे राहा. एकदा कामाच्या ठिकाणापर्यंत जाऊन या, कारण प्रवासच निम्मी ताकद खातो आणि ते आधी लक्षात येत नाही. रोज रात्री दहापैकी थकवा किती ते लिहा. तिसऱ्या दिवशी आकडा चढत गेला तर चार तास सध्या जास्त आहेत.

पायरी ७: आठवड्याचा कागद

मोठ्या कागदावर सात दिवस आखा. आधी डायलिसिसचे तास भरा, जाण्यायेण्यासह, आणि मघाशी काढलेले सावरण्याचे तासही. बारा तास म्हणता म्हणता वीस-पंचवीस होतात. मग तपासण्या, गोळ्यांच्या वेळा, चालणं. उरलेल्या जागेत काम कुठे बसतं ते बघा. उलट क्रमानं, म्हणजे आधी काम भरून मग आजार कोंबायला गेलात, तर पहिल्या महिन्यातच कोसळाल. बसत नसेल तर केंद्रात विचारा: संध्याकाळची पाळी मिळेल का, रात्रभराचं डायलिसिस आहे का, घरी डायलिसिस शिकवतात का? हे पर्याय न विचारता फार क्वचित पुढे येतात.

पायरी ८: साहेबांशी बोलणं

आजाराची अख्खी कहाणी सांगायची गरज नाही. तीन गोष्टी पुरतात: मला काय जमतं, काय जमत नाही, आणि कोणत्या वेळी मी नसेन. "मंगळवार, गुरुवार, शनिवारी दुपारी दोननंतर मी उपचाराला जाईन. बाकी दिवस पूर्ण वेळ. पाच किलोवर वजन सध्या उचलणार नाही." एवढं स्पष्ट बोललं की समोरच्यालाही ठरवणं सोपं जातं. डॉक्टरांकडून पत्र घेतानाही हेच लिहून मागा. "रुग्णाला किडनीचा आजार आहे" या वाक्यानं मालक घाबरतो, त्यातून त्याला करायचं काय ते कळत नाही. आजारपणाची रजा, कामात सवलत याबाबतचे नियम जागोजागी वेगळे असतात. ते सही करण्याआधी वाचा.

सुरुवात अर्ध्या दिवसांनी, शक्य असेल तर आठवड्यातून तीन. दोन आठवडे नीट गेले की एक दिवस वाढवा. बिघडलं तर एक पायरी खाली या, तळाशी नको.

कामाची जागा पारखून घ्या. भट्टीजवळचं किंवा भर उन्हातलं काम, जिथे शरीर सुकतं, ते किडनीला सगळ्यात जाचक. शिसं, कॅडमियम आणि काही द्रावकं थेट किडनीला इजा करतात. तुमचा अशा वस्तूंशी संबंध येत असेल तर खातं बदलून मागण्यात कमीपणा नाही. लघवीच्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी घ्यायच्या ते डॉक्टरांशी ठरवा, नाहीतर सकाळची बैठक स्वच्छतागृहाच्या दारात जाईल. प्रत्यारोपणानंतर उलट भरपूर पाणी प्यायला सांगतात, तेव्हा बाटली आणि जवळचं स्वच्छतागृह दोन्ही हवं.

एका विश्वासू सहकाऱ्याला फिस्टुलाबद्दल सांगून ठेवा. रक्त वाहायला लागलं तर त्या जागी बोटांनी घट्ट दाबायचं, हात वर धरायचा आणि रुग्णवाहिका बोलवायची. दोरीनं आवळायचं नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण सांगायला संकोच वाटतो.

उलट्या-जुलाब झाले की काय करायचं हेही आजारी पडण्याआधी विचारून ठेवा. बीपीच्या काही गोळ्या, लघवीच्या गोळ्या, मधुमेहाची मेटफॉर्मिन अशा दिवसांत थांबवाव्या लागू शकतात. कोणत्या आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पाकिटात ठेवा. कामाच्या ठिकाणी पोट बिघडलं की डोकं चालत नाही, कागद चालतो.

रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर परत आल्यावर चालण्याचा वेळ निम्मा करून सुरुवात करा, कामाचे तासही तसेच. खुर्चीचा आकडा पुन्हा घ्या. तो खाली आलेला दिसेल, ते अपेक्षित आहे.

आणि तो वर गेला, भूक सुधारली, पायांत जोर आला, तर वजनकाट्याकडे लक्ष द्या. डायलिसिसवरच्या माणसाचं वजन स्नायूंनी वाढलं, पण ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावर उरायला हवं असं ठरवलेलं वजन, जुनंच राहिलं, तर मशीन ते वाढलेलं वजन पाणी समजून ओढून काढायला बघेल आणि पोटऱ्यांत गोळे येतील, बीपी पडेल. भूक गेली असेल तर उलट घडतं: स्नायू झडतात, त्यांची जागा पाणी घेतं आणि काटा मात्र तोच दाखवतो. म्हणून दर महिन्याचा खुर्चीचा आकडा आणि चालण्याची वही डायलिसिसच्या नर्सला दाखवा, आणि ड्राय वेट नव्यानं ठरवून मागा.